मोठेपणी सतार शिकायची तर

मोठ्या वयात सतार हाती घेणाऱ्याची एक अडचण लहान मुलाला नसते. त्याच्या कानाला चांगली सतार ठाऊक असते. विलायत खाँसाहेबांची मींड (तार ओढून एका स्वरातून दुसऱ्यात जाणं), निखिल बॅनर्जींचा आलाप, रविशंकरांचा जोड (आलापानंतरचा लयीतला भाग) वर्षानुवर्षं ऐकून झालेला असतो, आणि मग स्वतःच्या नखीतून (तार छेडायला बोटात घालतात ती) पहिल्या दिवशी जो ‘टण्’ निघतो तो ऐकून माणूस ओशाळतो. दहा वर्षांच्या मुलाला तोच ‘टण्’ आवडतो. ते खुशाल पुन्हा पुन्हा वाजवत बसतं. कान पुढे आणि हात मागे हे अंतर पहिलं वर्ष-दीड वर्ष राहणारच. खाली सांगितलेला क्रम हे अंतर गृहीत धरूनच लावला आहे. कानाचा उपयोग कुठे करून घ्यायचा आणि हाताला घाई कुठे करायची नाही, एवढ्याच दोन गोष्टी त्यात पुन्हा पुन्हा येतील.

रविशंकर अठराव्या वर्षी, १९३८ साली, मैहरला अलाउद्दीन खाँसाहेबांकडे तालमीला गेले, हे उदाहरण मोठेपणी शिकणाऱ्यांना हमखास दिलं जातं. त्याचा फार आधार घेऊ नये. लहानपणापासून ते भावाच्या नृत्यपथकाबरोबर रंगमंचावर होते, आणि मैहरमध्ये त्यांनी दिवसाचे कितीतरी तास रियाजाला दिले. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यानं पाहायचं तर अरविंद पारीखांकडे पाहावं. विलायत खाँसाहेबांच्या या ज्येष्ठ शिष्यानं व्यवसाय चालवत सतारही तितक्याच निष्ठेनं सांभाळली.

गुरू आधी, वाद्य नंतर

बहुतेक जण आधी सतार विकत घेतात आणि मग शिकवणारं कुणी शोधतात. क्रम उलटा ठेवा. आज वापरात असलेल्या सतारींचे ढोबळमानानं दोन घाट आहेत. रविशंकरांच्या ढंगाची सतार ‘खरज-पंचम’. तिच्यावर सात मुख्य तारा, त्यांत खर्जाच्या (खालच्या स्वरांच्या) जाड तारा, आणि खाली बहुधा तेरा तरफा, म्हणजे न छेडता गुंजणाऱ्या तारा. विलायत खाँसाहेबांनी रूढ केलेल्या गायकी अंगाच्या (गळ्यासारखं वाजवायच्या) सतारीवरून या खर्जाच्या तारा काढून टाकलेल्या असतात. तिच्या मुख्य तारा सहाच, आणि त्यांतली एक गंधाराला मिळवलेली, म्हणून ती ‘गंधार-पंचम’. पहिलीचा षड्ज (सा) बहुधा पेटीच्या काळी एकच्या आसपास असतो, दुसरीचा त्याच्या थोडा वर. जवारीचा, म्हणजे तारेच्या झणकाराचा, आवाजही वेगळा. गुरूंच्या हाती एक घाट आणि तुमच्या हाती दुसरा असला, तर ते जे वाजवून दाखवतात ते तुमच्या वाद्यावर तसंच्या तसं निघत नाही, आणि नवशिक्याला दोष कुणाचा हेच कळत नाही. म्हणून आधी गुरू ठरवा, ते सांगतील ती सतार घ्या. तोवर कुणाची तरी जुनी मागून आणली तरी चालेल.

गुरू निवडताना नावापेक्षा वर्गात काय चालतं ते पाहा. एक तास बसू द्या म्हणून विनंती करा. शिकवताना गुरू स्वतः वाद्य हातात घेतात का? विद्यार्थ्याकडून सतार लावून घेतात की स्वतः लावून हातात देतात? मोठ्या माणसाला चुकताना ते कसे वागवतात? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मोठा विद्यार्थी दुखावला की भांडत नाही, गुपचूप यायचा बंद होतो.

ऑनलाइन शिकवणी चालते, पण पहिले दोन-तीन महिने शक्य असेल तर समोर बसूनच शिका. मनगट किती वळलंय, खांदा उचललाय का, नखी तारेला कुठल्या कोनात लागतेय, हे पडद्यावर दिसत नाही. बैठक आणि उजवा हात एकदा बसला की पुढचं ऑनलाइन बरंच जमतं.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा (प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत्या) द्याव्यात का, असं अनेक जण विचारतात. ज्याला तारीख समोर असल्याशिवाय काम होत नाही त्यानं जरूर द्याव्यात. इतरांनी पहिलं वर्ष तरी त्या वाटेला जाऊ नये. अभ्यासक्रमात रागांची यादी असते, आणि मोठा माणूस यादी दिसली की ती संपवायला धावतो.

सतार पारखताना

मिरज हे सतारी-तंबोरे घडवण्याचं जुनं ठिकाण. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतलं आणि पुढे ‘सतारमेकर’ हेच त्यांचं आडनाव झालं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कोलकाता आणि दिल्लीतही नावाजलेले कारागीर आहेत. कुठूनही घ्या, जाणता वादक बरोबर न्या आणि या गोष्टी आपल्या डोळ्यांनी पाहा.

खुंट्यांच्या टोकाकडून दांडीवर नजर लावा. बाक किंवा पीळ दिसला तर ती सतार बाजूला ठेवा. बाजाची तार (वाजवायची मुख्य तार) खालपासून वरपर्यंत एकेका पडद्यावर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) दाबून वाजवा. एखाद्याच पडद्यावर आवाज मेल्यासारखा किंवा नुसताच झणझणणारा आला तर विचारा. खुंटी फिरवून सोडा, ती तिथेच थांबली पाहिजे. भोपळ्याला बारीक तडा नाही ना, आणि भोपळा-दांडीचा सांधा घट्ट आहे ना, ते पाहा. तार पडद्यांपासून फार उंच असली तर बोटं सोलवटतील आणि मींड निघणार नाही. लाकूड तून असो वा सागवान, दोन्ही चालतात. मात्र ते नीट वाळलेलं हवं. हे नवख्याला दिसत नाही, म्हणूनच जाणता माणूस बरोबर.

कोरीवकाम जितकं जास्त तितकी शंका जास्त. दिवाणखान्यात ठेवायच्या शोभेच्या सतारी खूप विकल्या जातात, आणि त्या स्वरात राहत नाहीत. दांडीच्या वरच्या टोकाचा छोटा भोपळा नसला तरी काही बिघडत नाही.

बैठक

जमिनीवर बसून डावा पाय आडवा दुमडायचा आणि उजवा पाय त्यावरून पलीकडे टाकायचा. भोपळा डाव्या पायाच्या तळव्याच्या आधारानं टेकतो. उजव्या हाताचा कोपराखालचा भाग भोपळ्यावर विसावतो, आणि सगळी सतार त्या हाताच्या वजनावर तोलली जाते. दांडी तिरकी, साधारण पंचेचाळीस अंशांत वर जाते.

बैठक बरोबर आहे का हे तपासायची एकच कसोटी पुरते. डावा हात दांडीवरून पूर्ण काढून घ्या. सतार जागेवर राहिली तर बैठक जमली. घसरली तर तुमचा डावा हात वाद्य उचलून धरण्यात गुंतलेला आहे, आणि तो कधीच मोकळा फिरणार नाही. भोपळ्याखाली रबरी जाळीचा तुकडा ठेवला की घसरणं बरंच थांबतं.

दुसरी खोड बघता बघता लागते. पडदे दिसावेत म्हणून नवशिका सतार स्वतःकडे कलती करतो. मग मनगट मुरगळतं आणि उजवा हात तारांवर तिरपा पडतो. सतारीचं तोंड समोरच्याकडे असू द्या. तुम्हाला पडद्यांच्या वरच्या कडा दिसतील तेवढ्या पुरे आहेत. हात अंतर शिकतो.

चाळिशीनंतर गुडघे आणि कंबर आपलं म्हणणं मांडू लागतात. कमरेखाली दोन-तीन इंच जाड उशी घ्या, म्हणजे गुडघे खाली उतरतात आणि पाठ सरळ राहते. वीस मिनिटांनी उठून चार पावलं चाला. पायाला मुंग्या येणं सुरुवातीला सगळ्यांनाच होतं. गुडघ्यात कळ मारली तर मात्र थांबा. आणि खुर्चीवर बसून सतार वाजवली म्हणून कुणी पंक्तीबाहेर काढत नाही. भोपळ्याला पक्का आधार मिळेल आणि वरची कसोटी पार होईल अशी मांडणी गुरूंकडून ठरवून घ्या.

सतार स्वतः लावायची

हे काम पहिल्याच आठवड्यात शिका. अनेक जण वर्षभर गुरूंच्या हातूनच सतार लावून घेतात आणि घरी बेसूर वाद्यावर रियाज करतात. इथे मोठ्या माणसाच्या कानाचा खरा उपयोग होतो.

तंबोऱ्याचं ॲप तुमच्या षड्जावर सुरू करा. आधी जोडाची तार, म्हणजे बाजाशेजारची, सा ला मिळवा. मग बाजाची तार मंद्र (खालच्या सप्तकातल्या) म ला. ती बरोबर लागली का हे पाहायला बहुतेक सतारींवर सातव्या पडद्यावर दाबून वाजवा. तिथे सा यायला हवा, जोडाच्या बरोबर वरच्या सप्तकातला. त्यानंतर पंचम आणि, असतील तर, खर्जाच्या तारा किंवा गंधार. शेवटी चिकारी, म्हणजे लयीसाठी छेडायच्या कडेच्या दोन तारा: एक मध्य सा ला, दुसरी तार सा ला. ट्यूनर जवळ ठेवा, पण आधी कानानं लावा आणि मग ट्यूनरला विचारा. उलट केलंत तर कान आळशी होईल.

खुंटी फिरवताना तिला आत दाबतच फिरवायचं असतं, नाहीतर ती सुटते. सारखी सरकत असेल तर खुंटीला थोडा खडू घासा, अडकत असेल तर किंचित कोरडा साबण. ओल्या हवेत लाकूड फुगतं आणि खुंट्या घट्ट बसतात. जोर लावू नका, हळूहळू हलवा. बारीक फरकासाठी घोडीपलीकडे (भोपळ्यावरच्या, तारा टेकतात त्या पट्टीपलीकडे) तारेत ओवलेला मणका असतो. तो खाली सरकवला की स्वर चढतो. नवशिके सगळी करामत खुंटीनंच करायला जातात आणि तार तोडतात.

तरफा शेवटी. त्या रागाच्या स्वरांना मिळवतात, आणि सुरुवातीला त्यांत अर्धा तास सहज जातो. आधी मुख्य तारा आठवडाभर नीट लागू द्या, मग रोज दोन-तीन तरफा हाती घ्या. तरफ लागली की नाही हे कळायची सोपी खूण म्हणजे बाजाच्या तारेवर तो स्वर वाजवून लगेच तार थांबवायची. तरफ बरोबर असेल तर ती न छेडता मागे गुंजत राहते.

उजवा हात: सगळा वेळ इथे जाऊ द्या

सतारीचा आवाज उजवा हात घडवतो. डावा हात स्वर सांगतो, एवढंच. तरीही नवशिक्याचं सगळं लक्ष डाव्या हाताकडे, कारण तिथे काहीतरी ‘घडताना’ दिसतं.

नखी तर्जनीत घालतात, पहिल्या पेराच्या अलीकडे घट्ट बसेल अशी. सैल असली तर फिरते, फार घट्ट असली तर बोटाचं टोक निळसर पडतं. तारेचीच बनलेली असल्यानं ती चिमट्यानं हलकी दाबून किंवा फाकवून मापाची करता येते. दोन-तीन मापांच्या घेऊन ठेवा. सुरुवातीला बोटावर वळ उठतात. ते चालायचंच.

अंगठा दांडीच्या कडेला, शेवटच्या पडद्यांच्या आसपास टेकवायचा आणि तिथून हलवायचा नाही. त्या आधारावर हात फिरतो. ‘दा’ हा आत येणारा आघात, तर्जनी तळहाताकडे येते. ‘रा’ बाहेर जाणारा. दोन्ही एका मात्रेच्या अर्ध्या-अर्ध्या वेळात पटकन घेतले की ‘दिर’. सतारीची सगळी भाषा या तीन बोलांवर उभी आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत डावा हात मांडीवर ठेवा आणि नुसत्या मोकळ्या बाजाच्या तारेवर दा वाजवा. मेट्रोनोम साठवर, एका ठोक्याला एक दा, सोळाच्या आवर्तनात. त्यात ऐकायचं काय? प्रत्येक दा चा आवाज मागच्याइतकाच भरदार आहे का, आणि नखी बाजाच्या तारेवरून पुढे जाऊन जोडाला चुकून लागतेय का. हे जमलं की नुसता रा. रा सगळ्यांचाच कमजोर निघतो, कारण बोट बाहेर टाकायचं बळ रोजच्या कामात कधी लागत नाही. म्हणून रा ला दा च्या दुप्पट वेळ द्या. मग दारा दारा. फोनवर रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐका. दा कुठला आणि रा कुठला हे ओळखू येत असेल तर अजून काम बाकी आहे.

कंटाळा येईल. सुजाण माणसाला एकाच तारेवर टिणटिण करत बसणं अपमानास्पद वाटतं, आणि तो तिसऱ्या दिवशी यमनची गत (तालात बांधलेली रचना) उतरवून घेतो. अशा घाईनं शिकलेल्या लोकांचा हात दोन वर्षांनी एका ठरावीक लयीत अडकतो आणि पुढे जात नाही. मग पुन्हा दा पासूनच सुरुवात, आणि जुनी सवय मोडणं नवी लावण्याहून अवघड असतं. दुखण्यातला फरक मात्र ओळखा. बोटाची कातडी दुखली तर चालतं. मनगट, कोपर किंवा खांदा दुखला तर हातात ताण आहे. वाजवणं थांबवून गुरूंना हात दाखवा.

डावा हात आणि पडदे

डाव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा, दोनच बोटं मुख्य. अंगठा दांडीच्या मागे टेकून बोटांबरोबर सरकतो. तो दांडी पकडत नाही. तार पडद्यावर दाबायची नाही, पडद्याच्या लगेच अलीकडे, खुंटीच्या बाजूला दाबायची. नेमकी जागा सापडली की फार कमी जोरात स्वच्छ स्वर निघतो. चढताना तर्जनीनं सरकत जायचं आणि मध्यमा लागेल तिथे टाकायची. उतरताना मध्यमा उचलली की तर्जनी आधीच जागेवर हवी.

मोकळी तार म, मग तीव्र म, प, कोमल ध, ध, कोमल नी, नी, आणि सातव्यावर सा: बहुतेक सतारींवर पहिले पडदे असे असतात. त्यापुढे रे, कोमल ग, ग, म, तीव्र म, प, ध... मध्य सप्तकात कोमल रे आणि कोमल ध यांना वेगळा पडदा नसतो. भैरव वाजवायचा तर रे आणि ध चे पडदे सरकवून कोमल करायचे. पडदे धाग्यानं बांधलेले असतात ते यासाठीच. तोवर यमन, बिलावल, काफी अशा रागांवर राहा.

पलटे सुरू करा: सारेगम, रेगमप, गमपध. प्रत्येक स्वराला आधी एक दा, मग दारा, मग दिर. स्वर तोंडानं म्हणत वाजवा. गळा बरा नसला तरी हरकत नाही. जो स्वर मनात आधी येतो तो बोटाला सापडतो, आणि ऐकीव कान असलेल्या माणसाला हे मुलापेक्षा लवकर जमतं.

जवळ खोबरेल तेलात भिजवलेल्या कापसाची डबी ठेवा. वादक बोटं त्यावर टेकवत असतात, तार सरकायला सोपं जातं. काही आठवड्यांत तर्जनीच्या टोकाला तारेची काळसर रेघ पडते आणि कातडी घट्ट होते. सुट्टीत पंधरा दिवस वाजवलं नाहीत तर ती मऊ पडते आणि दुखणं पुन्हा थोडं सोसावं लागतं.

मींड

सतार ऐकून जे लोक तिच्याकडे वळतात ते बहुतेक मींडीमुळे वळतात. पडद्यावर तार दाबून ती खालच्या बाजूला आडवी ओढली की स्वर वर चढतो. सतारीचे पडदे वाकवलेले असतात ते या ओढीसाठी. मुरलेला वादक एका पडद्यावरून चार-पाच स्वर काढतो. तुम्ही पहिल्या सहा महिन्यांत एकच स्वर काढा.

तो असा. रे चा पडदा वाजवा आणि नीट ऐका. आता सा च्या पडद्यावर या, तर्जनी आणि मध्यमा दोन्ही तारेवर शेजारी ठेवा, दा वाजवा आणि तार ओढत न्या, कानात राहिलेल्या रे पर्यंत. लगेच रे चा पडदा पुन्हा वाजवून पडताळा. जवळजवळ प्रत्येक नवशिका थोडा खाली थांबतो, कारण तार जितकी ओढावी लागेल असं वाटतं त्याहून जास्त ओढावी लागते. तरफा लावलेल्या असतील तर पडताळा त्याच देतात: ओढलेला स्वर नेमका रे वर पोहोचला की रे ची तरफ आतून उमलते, आणि केसभर कमी असला तर ती गप्प राहते. हा गुंजारव कानाला लागला की मास्तर खोलीत नसतानाही मींड सुधारते.

ओढ बोटांनी घेऊ नका. मनगट आणि पुढचा हात खाली जातो. आणि परतताना तार सोडून देऊ नका, सावकाश आणा. उलटी मींड, म्हणजे तार आधी ओढून मग वाजवायची आणि वरून खाली यायचं, नंतर. तोवर कान शहाणा झालेला असतो.

पहिली गत

तीन-चार महिन्यांनी, हात दारा-दिर सलग घेऊ लागला की, तीनतालातली विलंबित मसीतखानी गत घ्या. सतारीचा शोध अमीर खुस्रोनं लावला ही गोष्ट लोकप्रिय असली तरी अभ्यासक ती मानत नाहीत. आजच्या सतारीची वाटचाल अठराव्या शतकातल्या दिल्लीत सुरू होते, आणि ज्यांच्या नावानं ही गत ओळखली जाते ते मसीत खाँ तिथलेच. गतीचे बोल ठरलेले आहेत. सोळा मात्रांच्या आवर्तनात बाराव्या मात्रेपासून उचल होते:

दिर दा दिर दा रा (१२ ते १६) । दा दा रा (१ ते ३) । दिर दा दिर दा रा (४ ते ८) । दा दा रा (९ ते ११)

आधी हे तोंडानं म्हणा, हातानं टाळी-खाली देत. सम (आवर्तनाची पहिली मात्रा) कुठे येते हे अंगात भिनलं की मगच सतार घ्या आणि सगळे बोल एकाच सा वर वाजवा. स्वर नंतर. मग यमनमध्ये गुरू देतील ती गत याच सांगाड्यावर बसवा. गुलाम रझा खाँ यांच्या नावानं चालणारी द्रुत रजाखानी गत ऐकायला जास्त भुरळ घालते, आणि म्हणूनच ती पुढच्या वर्षावर टाका.

ठेक्याचं ॲप लावून वाजवता येऊ लागलं की महिन्यातून एकदा तरी हाडामांसाच्या तबलजीबरोबर बसा. यंत्र तुमच्यासाठी थांबत नाही आणि तुमच्याकडे पाहतही नाही. तबलजी सम चुकल्यावर हसतो, आणि पुढच्या वेळी सम जवळ आली की मान हलवतो.

‘झाला’ (चिकारीवर झणझणत जाणारा शेवटचा द्रुत भाग) आपोआप येईल अशी आशा धरू नका. त्याची तयारी चिकारीपासून होते. एक दा बाजावर आणि तीन रा चिकारीवर, अगदी संथ. चिकारीचा आघात हलका हवा. जोरात मारली की ती मुख्य स्वराला झाकते.

रोजचा रियाज

रोज चाळीस मिनिटं ही रविवारच्या चार तासांपेक्षा कितीतरी जास्त कामाची. पहिली दहा मिनिटं सतार लावण्यात जातील. ती रियाजातच धरा. पुढची पंधरा उजव्या हाताची, दहा पलटे आणि मींड, उरलेली गत. वेळच नसेल त्या दिवशी गत सोडा, उजवा हात सोडू नका. सतार गवसणीतून काढायला लागते म्हणून रियाज बुडतो, हे फार घरांत होतं. मुलं आणि मांजर पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात ती कापड टाकून बाहेरच ठेवा.

मेट्रोनोमची गती वाढवायची घाई नको. एका गतीवर सलग पाच मिनिटं हात न अडखळता चालला तरच दोन-चार आकड्यांनी पुढे. आठवड्यातून एकदा रेकॉर्डिंग करा आणि लगेच ऐकू नका, महिन्यानं ऐका. वर्गातलं रेकॉर्डिंग गुरूंना विचारूनच करा.

ऐकणं चालूच ठेवा, फक्त पद्धत बदला. एकच राग तीन वादकांचा ऐका. कोण आलापात कुठल्या स्वरावर थांबतं, कोण मींडीनं जातं आणि कोण पडद्यावरून, हे कागदावर टिपा. गायकांचा तोच राग ऐका.

तारा आणि जवारी

बाजाची तार तुटेल. ती साधारण ०.३० मिलिमीटर जाडीची पोलादी तार असते, आणि जास्तीच्या चार-सहा जवळ हव्यात. भोपळ्याच्या बुडाशी असलेल्या लंगोटाला फास अडकवून घोडीवरून खुंटीत नेऊन गुंडाळायची. गुरूंकडे एकदा पाहा आणि पुढची स्वतः बदला. बदलताना चेहरा तारेच्या रेषेत ठेवू नका. नवी तार दोन दिवस ताणत राहते आणि सारखी उतरते, त्यात वाद्याचा दोष नाही. तरफेची तार दांडीच्या आतून ओवावी लागते. ते किचकट काम पहिल्या वर्षी जाणत्याकडून करून घ्या.

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या कापडानं पुसा. घामानं त्या गंजतात आणि मींड खरखरीत होते. जोडाची पितळी किंवा काशाची तार काळवंडली की तिचा आवाज बसतो. मग ती पुसत न बसता बदला.

घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला अगदी हलका उतार असतो, आणि तार त्यावर किंचित घासत कंप पावते म्हणून सतारीला तो झणकार मिळतो. हीच जवारी. रोजच्या वाजवण्यानं तिथे तारेच्या खाचा पडतात. मग आवाज कुठे चिरका, कुठे मुका होतो, आणि एकच तार दोन पडद्यांवर वेगळी बोलते. असं झालं की कारागिराकडून जवारी काढून घ्यायची. स्वतः कानस चालवू नका. केसभर जास्त घासलं तर घोडी बदलावी लागते. घोडी पूर्वी सांबरशिंगाची असे, आता ती बहुधा कृत्रिम पदार्थाची किंवा कठीण लाकडाची असते. खुली जवारी हवी की बंद, असं कारागीर विचारेल. खुलीत झणकार जास्त, बंदमध्ये स्वर गोल आणि आवळलेला. पहिल्या खेपेला गुरू सांगतील ती काढून घ्या, आणि जाताना तुमची नखी बरोबर न्या, कारण कारागिराच्या नखीनं वाजवलेली जवारी तुमच्या हाताखाली थोडी निराळी बोलते.